शेडच्या लोखंडाचा अंदाज कसा काढावा



जून लागला की पाचगणीच्या पठारावर ढग उतरतात. मग चार महिने पाऊस, धुके आणि वारा. असल्या मुलखात डोक्यावरचे छप्पर भक्कम हवे. पूर्वी लाकडाचे वासे, वर कौल किंवा गवत असे. आता लाकूड महाग झाले. गोठा म्हणा, गोदाम म्हणा, स्ट्रॉबेरी भरायची जागा म्हणा, सगळीकडे लोखंडी सांगाडा आणि वर पत्रा. भिलार, गोडवली, दांडेघर, कुठेही जा, हेच दिसेल.

असे एक शेड उभे करायला लाख-दीड लाख रुपये सहज लागतात. पैसा कष्टाचा असतो. कधी तो सोसायटीच्या कर्जाचा असतो. मिस्त्री येतो, जागा पावलांनी मोजतो आणि एक आकडा सांगतो. आपण दहा हजार कमी करायला सांगतो. तो पाच हजार कमी करतो. व्यवहार ठरला! पण त्या आकड्यात लोखंड किती, पत्रा किती जाड, मजुरी किती, हे कोणी विचारत नाही. पुढे दोन पावसाळ्यांत पत्रा गळू लागतो. मग भांडण होते.

तुम्हाला आता वाचता येते. बेरीज आणि गुणाकार येतो. मग हा अंदाज तुम्हालाही काढता येईल. या पाठात आपण तोच शिकू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खांब किती जाड हवा, पाया किती खोल हवा, हे ठरवणे इंजिनिअरचे काम आहे. ते त्यालाच करू द्या. त्याने मापे लिहून दिली, की त्यांचे वजन किती आणि पैसे किती, हे काढणे आपले काम.

१. लोखंड वजनावर विकले जाते

लाकूड आपण घनफुटावर घेतो. विटा हजारावर घेतो. लोखंड मात्र किलोवर आणि टनावर मिळते. म्हणून ज्याला वजन काढता आले, त्याला लोखंडाचा अंदाज आला.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी पाण्याची टाकी भरली, तर पाण्याचे वजन १,००० किलो होते. तेवढ्याच मापाचा लोखंडाचा भरीव ठोकळा घेतला, तर त्याचे वजन ७,८५० किलो होते. म्हणजे लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड.

आता या ठोकळ्याचे सुरीने पातळ काप केले असे समजा. प्रत्येक काप एक मिलिमीटर जाड. एक मीटरमध्ये १,००० मिलिमीटर असतात. म्हणजे १,००० काप झाले. ७,८५० ला १,००० ने भागले, की ७.८५ उरतात. तेव्हा एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड पत्र्याचे वजन ७.८५ किलो, म्हणजे ७ किलो ८५० ग्रॅम. रुपये-पैशांत जसा टिंब असतो, तसाच हा टिंब.

हा ७.८५ चा आकडा पाठ करा. बाकी सारे त्यातून निघते.

२. तीन साधे नियम

पहिला नियम पत्र्याचा आणि पाटीचा.
लांबी मीटरमध्ये घ्या. रुंदी मीटरमध्ये घ्या. जाडी मिलिमीटरमध्ये घ्या. तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला ७.८५ ने गुणा. उत्तर किलोमध्ये येते.

दुसरा नियम अँगलचा.
अँगल म्हणजे काटकोनात वाकलेली पट्टी. ५० बाय ५० बाय ६ असे लिहिले, तर दोन्ही बाजू ५० मिलिमीटरच्या आणि जाडी ६ मिलिमीटर. ही पट्टी मनात सरळ करा. ५० अधिक ५० झाले १००. कोपऱ्यातली ६ ची जाडी दोनदा मोजली गेली, म्हणून ६ वजा करा. उरले ९४ मिलिमीटर, म्हणजे ०.०९४ मीटर. आता पहिला नियम लावा. १ गुणिले ०.०९४ गुणिले ६ गुणिले ७.८५. उत्तर आले ४.४३ किलो. दुकानातल्या कोष्टकात याच अँगलचे वजन मीटरला ४.५ किलो लिहिलेले असते. आतला कोपरा थोडा भरलेला असतो, म्हणून हा किंचित फरक. कोष्टक मिळाले तर कोष्टकाचा आकडा धरावा. आपल्या नियमाने तो पडताळून पाहावा.

तिसरा नियम सळईचा.
सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या. तिला तिनेच गुणा. त्याला १६२ ने भागा. एक मीटर सळईचे वजन किलोमध्ये मिळते. समजा, सळई १० मिलिमीटरची आहे. १० गुणिले १० झाले १००. १०० भागिले १६२ झाले ०.६१७. म्हणजे मीटरला ६१७ ग्रॅम.

बाजारात अखंड सळई बहुधा १२ मीटर लांब येते. तेव्हा एका सळईचे वजन असे भरते :

८ मिलिमीटर : ४.७४ किलो
१० मिलिमीटर : ७.४ किलो
१२ मिलिमीटर : १०.६७ किलो
१६ मिलिमीटर : १८.९६ किलो

आपले मिस्त्री अजून सुताची भाषा बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिलिमीटर. अडीच सुती म्हणजे ८ मिलिमीटर. तीन सुती म्हणजे १०. चार सुती म्हणजे १२. पाच सुती म्हणजे १६. मिस्त्री "तीन सुती" म्हणाला, तर वहीत "१० मिमी" लिहा. बिलावर तसेच लिहून येते.

सळई थोडी हलकी-भारी निघते. सरकारी मानकात त्याला मर्यादा घालून दिली आहे. एकूण मालात ८ आणि १० मिलिमीटरच्या सळईला शेकडा ७ पर्यंत, १२ आणि १६ च्या सळईला शेकडा ५ पर्यंत फरक चालतो. म्हणून १० मिलिमीटरच्या दहा सळया एकत्र काट्यावर ठेवा. ७४ किलोच्या आसपास भराव्यात. ६९ पेक्षाही कमी भरल्या, तर तो माल परत करावा. स्लॅबची सळई नगावर विकत घेणाऱ्याने तर ही परीक्षा करावीच. नगावर घेतलेली हलकी सळई पैसेही खाते आणि स्लॅबही कमजोर करते.

३. पन्हळी पत्रा

एक कोरा कागद घ्या. दोन्ही टोके दोन पुस्तकांवर टेकवा. कागद मधे लोंबेल. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला आणि पुन्हा ठेवा. आता तो ताठ राहील. वर एखादी काड्याची पेटीही पेलेल. कागद तोच, पण घडीने बळ आले. इंग्लंडात १८२९ साली लोखंडी पत्र्यावर हीच युक्ती केली गेली. पुढे त्यावर जस्ताचा थर देऊ लागले. तोच आपला पन्हळी पत्रा.

पण घडी घातली की रुंदी कमी होते. १.२२ मीटर रुंदीचा सपाट पत्रा घडीनंतर एक मीटरहून थोडाच जास्त उरतो. शेजारच्या पत्र्यावर थोडा चढवावा लागतो. शेवटी झाकण होते ते सुमारे एक मीटरचे. म्हणून पत्रे मोजताना झाकणारी रुंदी धरावी आणि वजन काढताना सपाट रुंदी धरावी.

पत्र्यात खरी मेख आहे ती जाडीत. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आणि ०.३५ मिलिमीटरचा पत्रा रंगाने सारखेच दिसतात. डोळ्याला फरक कळत नाही. काट्याला कळतो. ३.८ मीटर लांबीचा एक पत्रा घ्या.

०.५ मिलिमीटर जाडीचा असेल, तर ३.८ गुणिले १.२२ गुणिले ०.५ गुणिले ७.८५. सुमारे १८ किलो.
०.३५ मिलिमीटर जाडीचा असेल, तर ३.८ गुणिले १.२२ गुणिले ०.३५ गुणिले ७.८५. सुमारे पावणेतेरा किलो.

एका पत्र्यात साडेपाच किलोंचा फरक! एक पत्रा काट्यावर ठेवला, की सत्य बाहेर येते.

४. एक शेड मोजून पाहू

समजा, पाचगणीजवळच्या एका शेतकऱ्याला स्ट्रॉबेरी पेट्यांत भरण्यासाठी शेड बांधायचे आहे. लांबी ९ मीटर, रुंदी ६ मीटर. दोन्हीकडे उताराचे छप्पर. इंजिनिअरने कागदावर मापे लिहून दिली. आपण वहीत एकेक ओळ मांडू.

(अ) खांब : ८० बाय ८० ची चौकोनी नळी, जाडी ४ मिलिमीटर. कोष्टकात मीटरला ९.२२ किलो. खांब ८, प्रत्येकी ३ मीटर. एकूण २४ मीटर. वजन २२१ किलो.

(आ) कैच्या : ५० बाय ५० बाय ६ चा अँगल. एका कैचीला वरचे दोन तिरपे हात, खालचा आडवा हात आणि मधल्या काड्या मिळून १९ मीटर. कैच्या ४. एकूण ७६ मीटर. मीटरला ४.५ किलो. वजन ३४२ किलो.

(इ) पत्र्याखालच्या आडव्या नळ्या, ज्यांना मिस्त्री परलिन म्हणतात : ६० बाय ४० ची नळी, जाडी २.९ मिलिमीटर. मीटरला ४.१२ किलो. एका उतारावर ४ ओळी, दोन उतारांवर ८. छप्पर दोन्ही टोकांना अर्धा अर्धा मीटर पुढे काढले, म्हणून एक ओळ १० मीटर. एकूण ८० मीटर. वजन ३३० किलो.

(ई) खांबाखालच्या पाट्या : २५० बाय २५० मिलिमीटर, जाडी १२. पहिला नियम लावा. ०.२५ गुणिले ०.२५ गुणिले १२ गुणिले ७.८५. एक पाटी सुमारे ५.९ किलो. आठ पाट्या ४७ किलो.

(उ) पायात पुरायचे बोल्ट : १६ मिलिमीटर जाड, ४५० मिलिमीटर लांब. तिसरा नियम लावा. मीटरला १.५८ किलो. एक बोल्ट ७१० ग्रॅम. एका खांबाला ४, आठ खांबांना ३२. वजन २३ किलो.

(ऊ) तिरपे ताण : १२ मिलिमीटर सळई, ४० मीटर. वजन ३६ किलो.

(ए) जोडाच्या लहान पाट्या : अदमासे २५ किलो.

बेरीज करा. २२१, ३४२, ३३०, ४७, २३, ३६ आणि २५. एकूण १,०२४ किलो. म्हणजे एक टनाहून थोडे जास्त.

कापताना तुकडे वाया जातात. शिंप्याच्या चिंध्यांसारखेच हे. त्यासाठी शेकडा ५ जास्त धरू. ५१ किलो वाढले. खरेदी करायचे लोखंड १,०७५ किलो.

पत्रे : एका उतारावर १०, दोन्ही उतारांवर २०. प्रत्येकी ३.८ मीटर. एकूण ७६ मीटर.

५. आता पैसे मांडू

खालचे भाव आम्ही केवळ हिशेबासाठी धरले आहेत. लोखंडाचा भाव आठवड्याला हलतो. तुम्ही अंदाज कराल, त्या दिवशी वाई आणि सातारा येथील दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि तोच इथे लिहा.

लोखंड १,०७५ किलो, भाव ६५ : ६९,८७५ रुपये
पत्रा ७६ मीटर, भाव ५०० : ३८,००० रुपये
माथ्यावरचा वाकवलेला पत्रा १० मीटर, भाव ४०० : ४,००० रुपये
रबरी चकतीचे स्क्रू ५००, भाव ५ : २,५०० रुपये
मालाची बेरीज : १,१४,३७५ रुपये

मालावर जीएसटी, शेकडा १८ : २०,५८८ रुपये
कापणे, वेल्डिंग करणे, उभे करणे, १,०२४ किलो, दर २० : २०,४८० रुपये
लाल प्रायमर आणि रंगाचे दोन हात, १,०२४ किलो, दर ६ : ६,१४४ रुपये
घाट चढून गाडीभाडे : ५,००० रुपये
एकूण : १,६६,५८७ रुपये

अडीअडचणीला शेकडा ५ धरू : ८,३२९ रुपये
सारे मिळून : १,७४,९१६ रुपये

म्हणजे पावणेदोन लाख. पायाचे खड्डे आणि काँक्रीट यांचा हिशेब वेगळा मांडावा.

इथे दोन ठिकाणी बारकाईने पाहा. पहिले, मजुरीचा दर कोणत्या वजनावर? आम्ही बसवलेल्या १,०२४ किलोवर धरला. काही जण खरेदी केलेल्या १,०७५ किलोवर मागतात. मग वाया गेलेल्या तुकड्यांचीही मजुरी आपणच भरतो. हे आधी बोलून घ्यावे. उरलेले तुकडे कोणाचे, हेही बोलून घ्यावे. भंगारालासुद्धा भाव असतो.

दुसरे, भाव करासह की कराशिवाय? एक दुकानदार ६५ सांगतो, दुसरा ७० सांगतो. आपण ६५ कडे धावतो. पण ६५ वर कर चढला, तर ते ७६ रुपये ७० पैसे होतात. ७० मध्ये कर धरलेला असेल, तर ७० च स्वस्त.

६. कशाचा चौरस फूट?

पुष्कळ मिस्त्री किलोवर बोलतच नाहीत. ते चौरस फुटावर बोलतात. ऐका.

"मिस्त्री, शेडचा भाव काय लावणार?"
"तुम्हाला म्हणून सांगतो पाटील, चौरस फुटाला २१४ रुपये."
"अहो, पलीकडचा ३०१ सांगतोय. मग तुमचंच काम पक्कं."
पाटील खूश झाले. पण त्यांची मुलगी वही घेऊन बसली होती. ती म्हणाली,
"मिस्त्रीकाका, हा चौरस फूट जमिनीचा की पत्र्याचा?"
"पत्र्याचा गं, बाई. पत्रा मोजूनच पैसे घेतो आम्ही."

बघा मंडळी, मुलीने नेमके विचारले. आपल्या शेडची जमीन ९ गुणिले ६, म्हणजे ५४ चौरस मीटर. त्याचे झाले ५८१ चौरस फूट. पत्रा मात्र ७६ चौरस मीटर झाकतो, कारण तो उतरता आहे आणि भिंतीबाहेर आलेला आहे. त्याचे झाले ८१८ चौरस फूट. आता गुणाकार करा. ८१८ गुणिले २१४ बरोबर १,७५,०५२. आणि ५८१ गुणिले ३०१ बरोबर १,७४,८८१. दोघांचे पैसे जवळजवळ सारखे! दिसायला एक स्वस्त, एक महाग. म्हणून चौरस फुटाचा भाव ऐकला, की पहिला प्रश्न हाच : कशाचा चौरस फूट? आणि दुसरा प्रश्न : त्यात लोखंड किती किलो?

७. कुठे काटकसर करू नये

समजा, एखादा म्हणाला, "मी हेच शेड १,३५,००० रुपयांत करून देतो." तो जादूगार नाही. चाळीस हजार कुठून तरी कमी झाले असणार. कुठून, ते शोधा. बहुधा या पाच जागा असतात : पत्रा ०.३५ चा, नळी ४ ऐवजी २ मिलिमीटरची, बोल्ट कमी, तिरपे ताण नाहीत आणि प्रायमर नाही. नळी बाहेरून ८० ची ८० च दिसते. कापलेले टोक पाहावे. जाडी तिथे कळते.

बोल्टांची गोष्ट नीट समजून घ्या. ताशी १४० किलोमीटर वेगाचा वारा आला, तर एक चौरस मीटरवर सुमारे ९० किलो दाब येतो. आपल्या छपराचा पत्रा ७६ चौरस मीटर. गुणाकार केला तर सात टनांच्या आसपास. भिंती नसलेल्या शेडमध्ये वारा खालून शिरतो आणि पत्रा वर उचलतो. उचलणारी ओढ काही वेळा याहून कमी असते, पण आपले सगळे शेड, पत्र्यासह, दीड टनही भरत नाही. मग ते जागेवर कशामुळे राहते? पायाच्या काँक्रीटमुळे आणि त्यात पुरलेल्या बोल्टांमुळे. त्या ३२ बोल्टांचे लोखंड २३ किलो. ६५ रुपयांनी दीड हजार रुपये. पावणेदोन लाखांचे शेड आणि त्याखालची माणसे या दीड हजारावर उभी असतात. तिथे काटकसर करणे म्हणजे नाव घेऊन दोर न घेण्यासारखे आहे.

मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात जाहिरातीचा एक प्रचंड लोखंडी फलक पेट्रोल पंपावर कोसळला. १७ माणसे दगावली. तिथे ४० बाय ४० फुटांपर्यंतच्या फलकाला परवानगी असते. तो फलक १२० बाय १२० फुटांचा होता. लांबी तिप्पट, उंची तिप्पट, म्हणजे वारा अडवणारी जागा नऊपट. वारा आकाराचा हिशेब बरोबर ठेवतो. माणसाने तो ठेवला नाही, तर असे होते.

दुसरी जागा गंजाची. लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही मिळाली, की गंज धरतो. पाचगणीच्या धुक्यात दोन्ही भरपूर. पत्र्यावरचे जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. जस्त जितके जास्त, तितका पत्रा जास्त टिकतो. पत्र्यावर १२०, १८०, २७५ असे आकडे असतात. एक चौरस मीटर पत्र्यावर, दोन्ही बाजू मिळून, इतके ग्रॅम जस्त आहे, असा त्याचा अर्थ. आपल्या ओल्या मुलखात मोठा आकडा मागावा. वेल्डिंग केले की तिथले जस्त आणि रंग जळतो. म्हणून प्रत्येक जोड घासून त्यावर प्रायमर द्यावा. नळीची उघडी टोके बंद करावीत, नाहीतर आत पाणी साचून ती आतून कुजते. खांबाखालची पाटी जमिनीपासून वीतभर उंच काँक्रीटवर बसवावी. आणि हे काम मे महिन्याच्या आत संपवावे. ओल्या लोखंडावर रंग धरत नाही.

आमच्या नोकरीच्या काळात एका शाळेच्या ओसरीवर पत्रा घातला होता. अंदाजपत्रकात रंगाची ओळ होती. काम करताना ती गाळली गेली. तिसऱ्या पावसाळ्यात खांबांच्या बुडांना भोके पडली. खांब बदलायला रंगाच्या कितीतरी पट पैसे लागले आणि पोरांना दोन महिने उघड्यावर बसावे लागले.

८. कागद वाचा, मगच पैसे द्या

वाचायला शिकल्याचा खरा उपयोग इथे आहे. चार कागद नीट पाहा.

एक, लेखी अंदाज. त्यात प्रत्येक वस्तूचे माप, जाडी, नग, लांबी आणि वजन वेगवेगळे लिहून घ्या. "शेड पूर्ण, ठोक रक्कम" एवढेच लिहिले असेल, तर सही करू नका.

दोन, काटापावती. तिच्यावर तीन आकडे असतात. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ वजन. पहिल्यातून दुसरे वजा करून तिसरे येते का, ते स्वतः करून पाहा. शक्य असेल तर गाडी रिकामी असताना आणि भरल्यावर, दोन्ही वेळा काट्यापाशी उभे राहा.

तीन, मालावरची खूण. सळईवर आणि नळीवर आयएसआयची खूण आणि परवाना क्रमांक असतो. सळईचे मानक १७८६, चौकोनी नळीचे ४९२३, जस्ती पत्र्याचे २७७. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. घरात कोणाच्या मोबाईलवर "बीआयएस केअर" हे सरकारी ॲप असेल, तर परवाना क्रमांक खरा की खोटा, तेही त्यावर तपासता येते.

चार, बिल. बिलावरचे वजन आणि काटापावतीवरचे वजन जुळले पाहिजे. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला माल खराब निघाला, तर दाद मागायला हातात पुरावा राहत नाही.

पैसे एकदम देऊ नका. थोडे इसार म्हणून द्या. माल आला, वजन जुळले, की मालाचे द्या. सांगाडा उभा राहिला, की मजुरीचा काही भाग द्या. शेवटचा हप्ता पहिल्या चांगल्या पावसानंतर द्या. पत्रा गळतो का, ते पाऊसच सांगतो.

मिस्त्रीवर अविश्वास दाखवा, असे आमचे म्हणणे नाही. चांगल्या मिस्त्रीला असा हिशेब आवडतो. त्याची जाड नळी आणि त्याचा पक्का जोड वहीत दिसतो. स्वस्तातल्या कामाशी त्याची तुलना होत नाही. हिशेब चोख असला की दोघांची झोप चांगली.

हे लक्षात ठेवा

१. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड लोखंड म्हणजे ७.८५ किलो.
२. सळईची जाडी गुणिले जाडी, भागिले १६२, म्हणजे एक मीटरचे वजन.
३. जाडी लिहून घ्या आणि काट्यावर पडताळा.
४. चौरस फूट कशाचा, ते विचारा.
५. बोल्ट, ताण आणि प्रायमर यांत काटकसर नको.

सवाल सोडवा

१. १० मिलिमीटरच्या, १२ मीटर लांबीच्या ५० सळयांचे वजन किती?
२. ३०० बाय ३०० मिलिमीटर, १० मिलिमीटर जाड पाटीचे वजन किती?
३. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल ३० मीटर घेतला. भाव किलोला ६५ रुपये. पैसे किती?
४. एका शेडची जमीन ४०० चौरस फूट, पत्रा ५०० चौरस फूट. एक जण पत्र्याच्या चौरस फुटाला २०० रुपये मागतो. दुसरा जमिनीच्या चौरस फुटाला २४० मागतो. कोणाचे पैसे कमी? पैसे ठरवण्यापूर्वी दोघांना आणखी काय विचाराल?

उत्तरे : (१) ३७० किलो. (२) सुमारे ७ किलो. (३) १३५ किलो, ८,७७५ रुपये. (४) पहिल्याचे १,००,०००, दुसऱ्याचे ९६,०००. दुसऱ्याचे कमी. पण पत्र्याची जाडी, नळीची जाडी आणि एकूण किलो विचारल्याशिवाय कोणालाच होकार देऊ नये.

आता एक काम करा. आपल्या गावातले एखादे शेड पाहा. वही, पेन्सिल आणि मोजपट्टी बरोबर घ्या. खांब मोजा, कैच्या मोजा, पत्रे मोजा. त्याचे वजन काढा. मालकाने दिलेल्या पैशांशी ताडून पाहा. दोन-तीन शेडांचा असा हिशेब केला, की तुमचे शेड बांधायच्या वेळी तुमचा आकडा तुमच्याच वहीत तयार असेल.